'टाइप करत आहे' हे सर्व्हरनं जपून ठेवावं का?

२००८ च्या उन्हाळ्यात नागपुरातल्या एका छोट्या ऑफिसचा चॅट सर्व्हर माझ्याकडे होता. कूलरचे दिवस, त्यात भारनियमन. सर्व्हर यूपीएसवर तग धरायचा, टेबलावरचे पीसी मात्र बसायचे. वीज आली की पलीकडून हाक ठरलेली : "काऊन बा, ह्या रिकाम्या खिडक्या काऊन उघडून राहिल्या?" खिडकीत मजकूर नसायचाच. दोन तासांपूर्वी इतवारीतल्या शाखेत कुणीतरी टाइप करू लागलं होतं, एवढीच ती खबर. सर्व्हरनं ती निरोप समजून ठेवून दिली होती.

घोळाचं मूळ जुनं आहे. जेरेमी मिलरनं १९९९ मध्ये जॅबर ही खुली चॅट-पद्धत जाहीर केली. २००४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं एक्सएमपीपी या नावानं तिला मानकाचा दर्जा दिला. त्यात हजेरी, म्हणजे कोण ऑनलाइन आहे ती खबर, वेगळी आणि निरोप वेगळा. 'टाइप करतोय' हे स्वभावानं हजेरीच्या जवळचं. पण हजेरी संपर्कयादीतल्या सगळ्यांना जाते आणि ही खबर एकट्यासाठी असते. म्हणून ती निरोपाच्या पाकिटात बसली. माणूस ऑफलाइन असेल तर निरोप साठवायचा, हा सर्व्हरचा धर्म. झालं.

एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीला जोडलेले क्रमांकित विस्तार. टाइपच्या खबरीसाठी आधी एक्सईपी-००२२ होतं. त्याची जागा एक्सईपी-००८५ नं घेतली : हजर, टाइप करतोय, थांबलाय, लक्ष नाही, निघून गेला अशा पाच अवस्था.

मग प्रशासकांनी सोपा उपाय काढला : बॉडी, म्हणजे मजकुराचा कप्पा, रिकामी, तर पाकीट फेकून द्या. मीही तेच केलं. खिडक्या थांबल्या, पण उपाय आंधळाच. एक्सईपी-०१८४ मधली पोचपावतीही बिनबॉडीची असते, आणि ती हरवली तर पाठवणारा वाटच बघत बसतो. पुढे ओमेमो हे कूटबद्धीकरण आलं. त्यात खरा मजकूर बॉडीत नसतोच, कूटबद्ध होऊन दुसऱ्या कप्प्यात जातो.

आता एक्सईपी-०१६० नेमकं सांगतं : चॅटचे निरोप साठवा, पण ज्यात फक्त अवस्थेची खबर आहे तो साठवू नका. ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरची मूळ सेटिंगही तशीच : बिनबॉडीचं साठवायचं, निव्वळ अवस्था सोडून. एक्सईपी-०३३४ नं पाठवणाऱ्यालाच 'साठवा' किंवा 'साठवू नका' अशी चिठ्ठी लावायची सोय दिली. मला ही पद्धत अंदाजापेक्षा बरी वाटते. मात्र चिठ्ठी ही सूचना आहे, हुकूम नाही. जुनी क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याकडची चॅट अ‍ॅप्स, ती लावतच नाहीत, म्हणून सर्व्हरला आपलं डोकं वापरावंच लागतं.

एक कोपरा उरतो. 'हजर' ही अवस्था बहुतेक वेळा खऱ्या निरोपासोबतच येते, आणि तो निरोप तर साठवायलाच हवा. तिथे सर्व्हर उशिराचा शिक्का मारून पाकीट जसंच्या तसं देतो. आतली शिळी अवस्था दाखवायची नाही, हे क्लायंटनं बघायचं.