ज्ञानवाटप, संस्थांतर्गत

कामाच्या ओघात माणसांनी कमावलेली जाण सहकाऱ्यांपर्यंत पोहोचावी म्हणून संस्थेत केलेली रचना आणि शिकवण्याची पद्धत. व्यवस्थापनशास्त्रात या विषयाचा बोलबाला १९९० च्या दशकात झाला. कसबी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची रीत मात्र फार जुनी आहे.

माणसाला जे कळते ते सगळे त्याला सांगता येत नाही, हे तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी दिलेले मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पावयंत्राचे उदाहरण याच जातीचे. यंत्रातला पाव वरून करपे आणि आत कच्चा राही. तेव्हा कंपनीतील एक अभियंता ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. कणीक पिळत ताणण्याची त्याची लकब हीच यातली खरी गोम निघाली. पाववाल्याने ती कधी शब्दांत सांगितली नव्हती.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग झेरॉक्स कंपनीतला. तिथे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून निरीक्षणे केली. कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक बिघाडासाठी ठरीव पायऱ्या होत्या. प्रत्यक्षात यंत्रे पुस्तिका वाचून बिघडत नाहीत. तंत्रज्ञ न्याहारीला जमत, एकमेकांना हट्टी यंत्रांचे किस्से सांगत आणि त्यातूनच पुढची दुरुस्ती सुचे. कंपनीच्या हिशेबात मात्र या गप्पांना रकानाच नव्हता.

पुढे झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्राने बिघाडाचे निदान करणारी संगणकप्रणाली तयार केली. तंत्रज्ञांनी तिचे कौतुक केले, पण त्यांना पुस्तिकेबाहेरच्या क्लृप्त्या हव्या होत्या. त्यातून ‘युरेका’ उभी राहिली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली आणि तिथल्या मिनिटेल या दूरध्वनीजोड पडद्यांचा वापर झाला. तंत्रज्ञाने क्लृप्ती लिहून पाठवायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पारखायची आणि पसंत पडली तर ती लिहिणाऱ्याच्या नावासह सर्वांना खुली व्हायची. रोख बक्षिसाची कल्पना तंत्रज्ञांनीच नाकारली: पैसे ठेवले की क्लृप्त्यांचा नुसता ढीग होईल. नाव आणि पारख या दोन गोष्टी वगळून अनेक कार्यालयांनी नंतर युरेकाची नक्कल केली असावी, असे त्यांच्याकडची न उघडलेल्या फायलींची कोठारे पाहून वाटते.

शिकवण्याच्या बाजूने जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या शिक्षणप्रक्रियेच्या अभ्यासकांचे १९९१ चे विवेचन महत्त्वाचे. लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवार आधी बटणे लावतो, दुमड घालतो, मग शिवण, कापड बेतणे शेवटी. म्हणजे कपडा शिवण्याच्या नेमक्या उलट क्रमाने. बटण चुकले तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड वाया जाते. शिवाय तयार कपडा रोज हाताखालून जात असल्याने त्याची घडण आपोआप कळत जाते. कामाच्या जागेपासून दूर, वर्गात बसवून दिलेल्या प्रशिक्षणात ही सोय नसते.

एका धंद्यातल्या माणसांत ज्ञान सहज वाहते, दोन धंद्यांच्या सीमेवर अडते, असे जॉन सीली ब्राउन आणि पॉल ड्युगुइड या संशोधकांचे म्हणणे. त्याचा दाखलाही झेरॉक्सचाच. पार्कमध्ये १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकावरील चित्रमय पडद्याचे मोल झेरॉक्सच्याच इतर विभागांना उमगेना. १९७९ मध्ये पार्क पाहायला आलेल्या ॲपलच्या मंडळींना ते लगेच उमगले आणि १९८४ मध्ये तशाच पडद्याचा त्यांचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला.