'रेसिड्यू'चा रकाना कुठून आला?

अकाली जन्मलेल्या बाळांच्या तक्त्यात 'रेसिड्यू'चा, म्हणजे आधीच्या फीडनंतर पोटात उरलेल्या दुधाचा, एक रकाना असतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. त्याआधी जन्मलेल्यांना दूध नाका-तोंडावाटे पोटात सोडलेल्या नळीनेच द्यावं लागतं. ही पद्धत १८८०च्या दशकात पॅरिसमध्ये, उबवणी पेटीच्या बरोबरीनेच रुळली. तिचं नाव 'गॅव्हाज'. मूळ अर्थ बदकं-हंस पुष्ट करायला त्यांच्या घशात दाणा कोंबणे. शब्द अजून चालतो, हे जरा अंगावर येतंच. तेव्हाची नळी रबरी, दर वेळी घालायची आणि दूध गेलं की काढायची.

१९४०-५०च्या दशकांत गाडी उलटी फिरली. दूध फुप्फुसात जाईल या धास्तीने अशा बाळांना पहिला दिवस, कधी तीन-तीन दिवस उपाशी ठेवत. साखर उतरायची, कावीळ वाढायची. १९६०च्या दशकात ही चूक सुधारली. दरम्यान बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या होत्या, त्या दर वेळी न काढता पोटातच ठेवता यायच्या.

खरा घोळ इथून पुढचा. नळी जागेवरच असल्यामुळे पुढचं दूध देण्याआधी सिरिंज लावून पोटात किती उरलंय ते ओढून बघता येऊ लागलं. तोवर आतडं सडवणाऱ्या 'एनईसी' या आजाराची भीती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, घर करून होती. उरलेलं दूध ही तिची आगाऊ सूचना मानली गेली आणि तक्त्यात 'रेसिड्यू'चा रकाना आला.

दहा मिली दूध दिलंय, तीन तासांनी ओढलं तर तीन मिली फाटलेलं दूध आलं. आता काय? कुठे आधीच्या फीडच्या निम्म्याहून जास्त आलं तर थांबा, कुठे ठरावीक मिलीची मर्यादा. ओढलेलं परत घालायचं की फेकायचं, यावरही एकमत नाही. या सगळ्याला 'फीड इनटॉलरन्स', म्हणजे दूध न सोसणं, म्हणतात. पोट फुगणं, उलटी आणि हा आकडा एकाच पिशवीत. मुळात आकडाच कच्चा. बाळ कुठल्या कुशीवर आहे, नळी किती जाड, तिचं टोक कुठे टेकलंय यावर तो बदलतो. पण त्यापायी फीड बंद झालं की सलाइनचे दिवस वाढतात, आणि त्याबरोबर जंतुसंसर्गाचा धोकाही.

२०१९ साली १४३ बाळांवरचा एक अभ्यास आला. रेसिड्यू दर वेळी न तपासलेल्या गटाला दूध लवकर वाढवता आलं, ती बाळं सुमारे आठ दिवस आधी घरी गेली, आणि एनईसी वाढली नाही. त्याच वर्षी २,८०४ बाळांच्या चाचणीत दूध रोज किलोमागे १८ मिलीने वाढवा की ३० ने, यात दोन वर्षांनंतरही फार फरक दिसला नाही. पंपाने अखंड दूध देण्याचा प्रयोगही झाला, पण त्यात दुधातली चरबी नळीलाच चिकटते. म्हणून बहुतेक ठिकाणी बिनदट्ट्याची सिरिंज वर धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं.

रकाना मात्र सहजी जाणार नाही. हिरवं किंवा रक्ताळलेलं काही आलं तर बघावंच लागतं. शिवाय नळी पोटातच आहे ना, हे आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर पाहायला एखादा थेंब ओढावा लागतो, आणि दट्ट्या मागे घेतला की तो थेंबावर थांबवणं हाताला जमत नाही.