तोंड, डोळा, अंगठा आणि मग मोटर: इलेक्ट्रॉनिक पिपेटमागची गोष्ट

पिपेट म्हणजे द्रवाची नेमकी छोटी मात्रा उचलून दुसरीकडे सोडायचं साधन. लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक पिपेट घ्यायची का आणि कुठली घ्यायची हा विषय निघाला की बोलणं थेट कॅटलॉगवर जातं, किती चॅनल (म्हणजे एकदम किती टिप्स), वजन किती, बॅटरी किती टिकते वगैरे. ते बघावं लागतंच, पण ही वस्तू मुळात कशासाठी तयार झाली हे माहीत असेल तर निवडताना अर्धा गोंधळ कमी होतो असं मला मनापासून वाटतं. पिपेटचा इतिहास म्हणजे मोजमापातून माणसाचं शरीर हळूहळू बाजूला काढण्याचा इतिहास आहे, आधी तोंड, मग डोळा, मग अंगठा. आणि इतकं करूनही काय बाजूला निघालेलं नाही तेही बघायला हवं, कारण पैसे घालून निराश होणारे लोक नेमके तिथेच अडकतात.

आधी तोंडाचं बघू. काचेची नळी, एक टोक द्रवात, दुसरं ओठात, आणि हळूच ओढायचं. आज ऐकून अंगावर काटा येतो पण कित्येक दशकं हीच रोजची पद्धत होती, रसायनं असोत, रक्त असो नाहीतर जंतूंचं कल्चर. १८९३ साली एका डॉक्टरच्या तोंडात टायफॉइडच्या जंतूंचं कल्चर गेलं, तोंडाने पिपेटिंग करताना झालेल्या लॅब इन्फेक्शनची ही सगळ्यात जुनी नोंद म्हणून सांगितली जाते. त्यानंतरही पद्धत बदलली नाही, कारण हातात दुसरं काही सोयीचं नव्हतं. रबरी बल्ब होते पण त्यांच्यावर बारीक कंट्रोल येत नाही, आणि जिभेला-ओठांना जो अंदाज येतो तो बल्बला कुठून येणार, असं अनुभवी लोक म्हणायचे आणि त्यात तथ्यही होतं. धोका माहीत असून माणसं तेच करत राहिली ती हट्टाने नाही, काम अचूक व्हावं म्हणून, हे समजून घेतलं पाहिजे.

अचूकतेचा भार तेव्हा डोळ्यावर होता. द्रवाची वाकलेली पातळी रेषेवर आली की थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे जिभेने किंवा बोटाने नळी बंद करायची. मिलिलिटरमध्ये हे ठीक चालतं, मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, फार अवघड होतं. १९३० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीतल्या कामातून लांग-लेव्ही नावाची पिपेट आली, तिच्यात काचेला एका जागी चिमटा काढल्यासारखी अरुंद मान असते, द्रव त्या मानेपाशी येऊन थांबतो, म्हणजे कुठे थांबायचं ते डोळ्याऐवजी काचच ठरवते. कल्पना सुंदर होती, पण ओढायचं तोंडानेच, आणि दर वेळी धुवून वाळवायची.

याच काचेच्या पिपेट्सना वैतागलेला एक तरुण १९५७ साली जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात काम करत होता, हाइनरिश श्निटगर. थिओडोर ब्यूशर यांच्या संस्थेत एन्झाइमचं काम चालायचं, म्हणजे छोट्या-छोट्या मात्रा, त्याही शेकड्याने. श्निटगरने टीबीच्या टेस्टला वापरतात ती बारीक सिरिंज घेतली, तिला स्प्रिंग आणि अडथळा बसवला म्हणजे दट्ट्या ठराविक अंतरच सरकेल, सुई काढली आणि तिथे प्लॅस्टिकची टिप लावली. म्हटलं तर एवढंच. पण यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या आजच्या बहुतेक मायक्रोपिपेटमध्ये आहेत, इलेक्ट्रॉनिकमध्येसुद्धा, फक्त तिथे स्प्रिंगचं काम मोटर करते. एक म्हणजे दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची गादी ठेवली, म्हणजे द्रव फक्त टिपमध्ये राहतो, यंत्राला शिवतच नाही, टिप फेकली की काम संपलं. दुसरी म्हणजे पुढे जोडलेली दुसरी स्प्रिंग, तिच्यामुळे पहिल्या थांब्यानंतर अजून थोडं दाबता येतं आणि टिपमध्ये अडकलेला शेवटचा थेंब हवेने बाहेर ढकलला जातो, ज्याला आपण ब्लोआउट म्हणतो. अंगठ्याला रोज जाणवणारे ते दोन थांबे तिथून आलेत. हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ कंपनीने हे डिझाइन घेतलं आणि १९६१ मध्ये मारबुर्ग पिपेट म्हणून बाजारात आणलं. श्निटगर मात्र १९६४ मध्येच तलावात बुडून गेला, वय चाळिशीच्या आत, आणि ज्याच्यामुळे जगभरातल्या लॅबवाल्यांच्या तोंडातली नळी सुटली त्याचं नाव आज फारच थोड्यांना माहीत असतं, याचं खरंच वाईट वाटतं.

तरी तोंडाची सवय लगेच गेली नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटनेचं लॅब बायोसेफ्टी मॅन्युअल पहिल्यांदा आलं १९८३ साली, आणि तोंडाने पिपेटिंग करायचं नाही हे तेव्हाही बजावून सांगावं लागत होतं.

मारबुर्ग पिपेटची मात्रा ठरलेली असायची, म्हणजे प्रत्येक मात्रेला वेगळी पिपेट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन गिलसन यांनी मात्रा बदलता येणारी पिपेट आणली, तिथल्या विद्यापीठातले बायोकेमिस्ट हेन्री लार्डी यांचं नाव पण या कामाशी जोडलेलं आहे, आणि पेटंट १९७४ चं. दांड्यावर आकडे फिरवायचे आणि दाबायचं, डोळ्याने रेषा बघणं संपलंच. आता राहिला अंगठा.

अंगठ्याची वाट लागायला कारण झाली ती प्लेट. १९५१ मध्ये हंगेरीत ग्युला ताकात्सी यांनी फ्लूच्या टेस्टसाठी प्लॅस्टिकच्या पाटीत छोटे खळगे करून मायक्रोप्लेटची सुरुवात केली, पुढे ८ गुणिले १२ म्हणजे ९६ वेलचा (खळग्यांचा) साचा रुळला. १९७१ मध्ये स्टॉकहोममधून एलायझा (प्रतिपिंडांच्या मदतीने करायची टेस्ट) आली, मग १९८३ पासून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत), आणि बघता बघता सगळं काम ९६ च्या पटीत होऊन बसलं. फिनलंडमध्ये याच काळात मल्टिचॅनल पिपेट्सवर बरंच काम झालं, त्यातून आठ-बारा वेल एकदम भरता यायला लागले. पण सिंगल चॅनलने एका प्लेटमध्ये तीन रिएजंट (टेस्टला लागणारी द्रावणं) टाकायचे तर २८८ वेळा टाकावं लागतं, आणि प्रत्येक वेळी स्प्रिंग दाबायची, मग ब्लोआउटचा जास्तीचा जोर, मग टिप उडवायचा त्याहून जास्त जोर, आणि हे सगळं अंगठा एकटा करतो, तोही हात हवेत धरून. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लॅब टेक्निशियनवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला ३०० तासांपेक्षा जास्त प्लंजरवाली (अंगठ्याने दट्ट्या दाबायची) पिपेट वापरणाऱ्यांमध्ये हात आणि खांद्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. ३०० तास म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण सव्वा तास, मोठ्या लॅबमध्ये हे सहज होतं. अंगठा दुखणं म्हणजे नाजूकपणा असं समजणारे सीनियर अजूनही भेटतात, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

तर या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकात मोटर आली. अमेरिकेतल्या रेनिन कंपनीचं हातात धरायच्या, सगळं काही आतच असलेल्या स्वयंचलित पिपेटचं पेटंट १९८७ चं आहे, आणि त्या पेटंटच्या नावातच पिपेटिंगबरोबर टायट्रेशनचाही (थेंब थेंब द्रव सोडून करायच्या मोजणीचाही) उल्लेख आहे, म्हणजे नुसता अंगठा वाचवायचा एवढाच विचार नव्हता, मोटर असली की काय काय नवीन करता येईल हे पहिल्यापासून डोक्यात होतं. आत स्टेपर मोटर असते, ती ठराविक छोट्या पावलांनी फिरते, किती पावलं म्हणजे दट्ट्या किती सरकला हे प्रोसेसर मोजतो, त्यामुळे सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा स्ट्रोक एकाच वेगाने होतो. सुरुवातीची मॉडेल्स जड होती, लिथियम-आयन बॅटरी आल्यावर वजन पुष्कळ उतरलं.

मला विचाराल तर या यंत्राचा जीव त्याच्या मोडमध्ये आहे. सगळ्यात कामाचा रिपीट डिस्पेन्स, म्हणजे एकदा भरून घ्यायचं आणि सारख्या मात्रा सोडत जायचं, १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने एका भरण्यात ५० चे बारा डोस आरामात निघतात आणि वर शिल्लकही राहतं. यात पहिला डोस आणि शेवटी उरलेला भाग टाकून द्यायचा असतो, कारण दट्ट्याची दिशा बदलताना थोडी ढिलाई असते आणि शेवटी उरतं त्याचा भरवसा नसतो, बऱ्याच पिपेट्स हे स्वतःच मोजतात, तरी लोक तो पहिला थेंब वाचवायला जातात आणि मग पहिल्या कॉलमचं रीडिंग वेगळं का येतंय म्हणून शोधत बसतात. रिव्हर्स मोडमध्ये जास्तीचं घेऊन नेमकं तेवढंच सोडतात, फेस येणाऱ्या प्रोटीनच्या सोल्यूशनला हा चांगला. डायल्यूशनमध्ये दोन द्रव मध्ये हवेचा बुडबुडा ठेवून एकाच टिपमध्ये घेता येतात. मिक्सिंगमध्ये ठरवलेल्या वेळा वर-खाली, अंगठ्याला सगळ्यात जास्त त्रास देणारं काम हेच, आणि सिरियल डायल्यूशनला (टप्प्याटप्प्याने पातळ करत जायच्या कामाला) प्रत्येक पायरीवर मिक्सिंग सारखं झालं नाही तर कर्व्ह बिघडतो. काही मल्टिचॅनलमध्ये टिप्समधलं अंतर बदलता येतं, ९६ वेलच्या प्लेटमध्ये ते ९ मिलिमीटर असतं आणि ३८४ मध्ये साडेचार, ट्यूबच्या रॅकमध्ये त्याहून मोठं, तेव्हा ट्यूबमधून उचलून थेट प्लेटमध्ये सोडायचं काम रोजचं असेल तर हे फार उपयोगाचं आहे, नसेल तर उगीच वजन आणि खर्च.

आता काय बाजूला निघालं नाही ते बघू. श्निटगरची हवेची गादी तशीच आहे. मोटर दट्ट्या कितीही अचूक सरकवू दे, द्रव ओढतेय ती हवा, आणि हवा गरम होते, फुगते, द्रवाच्या वाफेने भरते. इथेनॉल किंवा अॅसिटोन घेतलं की टिपमधून थेंब गळतो तो पिपेट खराब आहे म्हणून नाही, आतली जागा वाफेने भरत असते म्हणून, त्यासाठी टिप आधी दोन-चार वेळा त्याच द्रवाने भिजवून घ्यायची. फ्रिजमधून काढलेलं सोल्यूशन आणि खोलीच्या तापमानाची पिपेट यांची मात्रा जुळत नाही. ग्लिसरॉलसारखं घट्ट काही असेल तर इलेक्ट्रॉनिकचा हळू वेग खरंच वरदान आहे, कारण अंगठ्याला इतकं हळू आणि एकसारखं सोडणं जमत नाही, पण वर खेचून झाल्यावर क्षणभर थांबायचं काम तुमचंच. टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, ओढताना पिपेट सरळ उभी, सोडताना टिप भांड्याच्या आतल्या भिंतीला टेकवायची, हे नियम मोटर आल्याने एकही कमी झालेले नाहीत. फारच वाफाळणारे किंवा चिकट द्रव रोजचे असतील तर हवेची गादीच नसलेली, दट्ट्या थेट द्रवाला टेकणारी पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट घ्यावी, ती पण इलेक्ट्रॉनिक मिळते.

अचूकतेचं जागतिक मोजमाप म्हणजे आयएसओ ८६५५, पहिल्यांदा २००२ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं. त्यातला एक मुद्दा निवडीच्या वेळी फार उपयोगी पडतो. २००२ च्या आवृत्तीत १००० मायक्रोलिटरच्या सिंगल चॅनल पिपेटला चुकीची मर्यादा ८ मायक्रोलिटर होती, आणि ती मर्यादा पिपेटच्या सगळ्या रेंजला लागू होती. म्हणजे त्याच पिपेटवर १०० लावलंत तर ८ मायक्रोलिटर हे थेट ८ टक्के झाले आणि तरी पिपेट पास! मल्टिचॅनलला तर मर्यादा दुप्पट होती. म्हणून एकच मोठ्या रेंजची इलेक्ट्रॉनिक घेऊन सगळं भागवू हा विचार डोक्यातून काढून टाका, स्क्रीनवर आकडा दशांशात दिसतो म्हणून मात्रा तितकी अचूक येते असं अजिबात नाही. ज्या मात्रा रोज लागतात त्या पिपेटच्या रेंजच्या वरच्या दोन-तृतीयांशात बसतील अशी निवडा.

बाकी निवडताना आपल्या कामात काय रिपीट होतं ते आधी लिहून काढावं. सारख्या मात्रा ओळीने सोडायच्या असतील किंवा मिक्सिंग खूप असेल तर इलेक्ट्रॉनिक लगेच वसूल होते, पण वेगवेगळ्या ट्यूबमध्ये वेगवेगळ्या मात्रा एकेकदाच टाकायच्या असतील तर मेन्यूत शिरण्यापेक्षा साधी पिपेट जलद पडते, तिला कपाटात टाकू नका. टिप्स कुठल्या बसतात, चार्जिंगला लावून वापरता येते का, बॅटरी बदलून मिळते का, खालचा भाग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होतो का हे विचारा, मोटर आणि स्क्रीनचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नसतो हे नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि डेमोला आली की पाण्यावर समाधान मानू नका. आधी तराजूवर पाण्याचे दहा डोस वजन करा, २० अंश सेल्सिअसला १ मिलिग्रॅम पाणी म्हणजे सुमारे १.००२९ मायक्रोलिटर, आणि मग आपलंच रोजचं बफर, आपलीच प्लेट, आपल्याच टिप्स घेऊन ज्यांना ती दिवसभर धरायची आहे त्यांच्या हातात अर्धा तास द्या.