संवादी बहुमाध्यम सादरीकरणांतील कालमेळाची आकारिक पडताळणी

चित्रफीत, आवाज, मजकूर आणि प्रेक्षकाने दाबायची बटणे असलेल्या सादरीकरणात कोणता घटक केव्हा सुरू होईल, केव्हा थांबेल आणि त्यांचा परस्परांशी मेळ बसेल की नाही, हे गणिती प्रारूपावर तपासून सिद्ध करण्याची पद्धत.

प्रेक्षकाला काहीच करायचे नसेल तेव्हा हे काम तुलनेने सोपे असते. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी 1983 मध्ये दोन कालखंडांमधले 13 संभाव्य संबंध मांडले; अशा संबंधांतून वेळांच्या अटी लिहिता येतात आणि त्या एकत्र पाळता येतात का, हे संगणक तपासतो. 60 सेकंदांची चित्रफीत आणि 40 सेकंदांचे निवेदन एकदमच सुरू होऊन एकदमच संपले पाहिजे, असे कोणी लिहिले, तर ती विसंगती लगेच पकडली जाते.

खरी अडचण प्रेक्षकामुळे येते, कारण तो बटण केव्हा दाबेल हे लेखकाच्या हातात नसते. समजा, एका पाठात 60 सेकंदांची चित्रफीत आहे. 20व्या सेकंदाला प्रश्न येतो, उत्तर दिले की 15 सेकंदांचे स्पष्टीकरण ऐकू येते. चित्रफीत संपताच पुढचे दृश्य यावे आणि स्पष्टीकरण मध्येच तुटू नये, अशा दोन अटी आहेत. 30व्या सेकंदाला उत्तर आले तर सारे सुरळीत चालते. 50व्याला आले तर स्पष्टीकरण 65व्या सेकंदापर्यंत लांबते आणि एक अट मोडावीच लागते. एकदोनदा चालवून पाहणाऱ्याला हा दोष सहज निसटतो. पडताळणीत मात्र दाबण्याचा प्रत्येक संभाव्य क्षण विचारात घेतला जातो आणि दोष सापडल्यास तो घडवणारा घटनाक्रमच हाती येतो.

त्यावरचा उपायही पुन्हा तपासावा लागतो. ‘दोन्ही संपेपर्यंत थांबा’ असे केले आणि प्रेक्षकाने उत्तरच दिले नाही, तर पाठ कायमचा अडकतो. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची ‘स्माइल’ ही अशी सादरीकरणे लिहिण्याची भाषा आहे. तिच्यात एकत्र चालणाऱ्या घटकांचा समूह केव्हा संपावा हे ठरवणाऱ्या ‘एंडसिंक’ला ‘ऑल’ (सर्व) हे मूल्य दिल्यास नेमके हेच होऊ शकते: कधीच सुरू न झालेला घटकही समूहाला संपू देत नाही. 45व्या सेकंदाला प्रश्न मागे घेणे आणि उत्तर आले नसल्यास स्पष्टीकरणाची वाट न पाहणे, हा अधिक सुरक्षित मार्ग.

अशा प्रारूपांसाठी कालयुक्त पेट्री जाळी (घटना आणि त्यांच्या पूर्वअटी वेळेसह दाखवणारी आकृती) आणि राजीव अलूर व डेव्हिड डिल या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेले कालबद्ध ऑटोमॅटा (अवस्था, त्यांतील बदल आणि वेळ मोजणारी घड्याळे असलेली गणिती यंत्रे) वापरतात. ऑटोमॅटातील घड्याळे अगणित मूल्ये घेत असली, तरी सारखे वागणारे क्षण एकाच गटात बांधता येतात आणि गटांची संख्या सांत (मर्यादित) राहते, म्हणूनच संपूर्ण तपासणी शक्य होते. उप्साला व ऑलबोर्ग विद्यापीठांनी घडवलेले ‘उप्पाल’ हे या कामाचे परिचित साधन आहे. घड्याळे वाढतात तशी गटांची संख्या मात्र झपाट्याने फुगते. त्यामुळे मोठे सादरीकरण दृश्यांमध्ये तोडून तपासणे श्रेयस्कर.

प्रारूपात नसलेला विलंब, उदाहरणार्थ संगणकांच्या जाळ्यावरून उशिरा पोचलेला आवाज, या सिद्धतेच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून काटेकोर काम करणारे प्रत्येक घटकाला एक नेमका कालावधी न देता किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा देतात.