रेडियमचं पाणी आणि व्हिस्कीची चिठ्ठी

अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली की केमिस्टकडे व्हिस्की मिळायची, दर दहा दिवसांना एक पाइंट म्हणजे जवळपास अर्धा लिटर, आणि त्याच दशकात तिथे रॅडिथॉर नावाचं, रेडियम हा किरणोत्सारी धातू घातलेलं पाणी टॉनिक म्हणून खुलेआम विकलं जात होतं. दोन्ही औषधच!

एबेन बायर्स हा गोल्फ चॅम्पियन, घरचा श्रीमंत. 1927 ला रेल्वेच्या बर्थवरून पडून हाताला लागलं, डॉक्टर म्हणाला रॅडिथॉर घ्या, बरं वाटलं म्हणून हा रोज बाटल्या रिचवत राहिला. शेवटी जबड्याचं हाड इतकं सडलं की बराचसा जबडा काढावा लागला, 1932 ला गेला. शरीराला रेडियम हे कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते थेट हाडात जाऊन बसतं आणि आतून मारा करत राहतं, निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात.

पण त्याच्याआधी न्यू जर्सीतल्या घड्याळाच्या कारखान्यातल्या पोरी हेच भोगत होत्या. तबकडीवरचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवायचे, ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, परत रंगात बुडवायचा, दिवसभर हेच. दात पडायला लागले, जबडे गेले, तरी कंपनी म्हणे रंग निर्धोक आहे. पाच जणींनी कोर्टात खेचलं तेव्हा 1928 मध्ये भरपाई मिळाली. मला याचा आजही संताप येतो, कारण श्रीमंत माणूस गेल्यावरच सगळे खडबडून जागे झाले.

दारूचं बिंग फुटायला मात्र फार वेळ लागला. लिव्हर जातं हे जुनंच, पण पोटात गेलेल्या अल्कोहोलचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशीतल्या डीएनएची मोडतोड करतं, म्हणजे रेडिएशनचा घावही जिथे बसतो तिथेच. तोंड, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांत स्तन, सगळीकडे कॅन्सरचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1988 मध्ये दारूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात टाकलं, एक्स-रे आणि गॅमा किरणंही आज त्याच गटात आहेत. 2023 च्या जानेवारीत संघटनेने स्पष्टच सांगितलं की दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही.

आमच्याकडे सर्दी झाली की पोरांना चमचाभर ब्रँडी गरम पाण्यातून द्यायचे, बाटली औषधांच्याच कपाटात. आणि 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिण्याचं जे परमिट निघतं, त्यावर कारण काय असतं माहितीये? आरोग्य राखण्यासाठी.