मरळ जिवंत आहे म्हणून पाणी चांगले ठरत नाही: मरळ आणि शिवडा

पंचगंगेतल्या माशांविषयी कोणी लिहू लागले की मरळ आणि शिवडा यांना एकाच वाक्यात बसवले जाते: दोन्ही शिकारी, दोन्ही काट्यांना कमी, दोन्ही गढूळ पाण्यातले. शिवड्याला ‘मरळीचा थोरला भाऊ’ म्हणणारेही भेटतात. या दोघांत असे कसलेही नाते नाही.

मरळ कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. शिवड्याच्या अंगावर खवले नसतात, त्याला लांब मिशा असतात आणि त्याच्या जबड्याची चीर डोळ्यांच्याही मागे जाते. एवढे पाहिले तरी ओळख पटते. मरळ काठालगतच्या उथळ, संथ पाण्यात पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते आणि जवळून जाणारा बेडूक किंवा छोटा मासा झडप घालून पकडते. शिवडा दिवसा डोहाच्या तळाशी नाहीतर काठाखालच्या कपारीत पडून राहतो आणि अंधार पडल्यावर माशांच्या मागे निघतो.

खरी गल्लत होते ती श्वासाच्या बाबतीत. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक वेगळा कप्पा असतो, त्यामुळे ती अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. ही तिची हौस नसून गरज आहे: पूर्ण वाढलेल्या मरळीला पृष्ठभागापर्यंत येऊच दिले नाही, तर स्वच्छ पाण्यातही ती गुदमरून मरते. बाजारात टबातल्या वीतभर पाण्यात ती तासन्‌तास तग धरते, तेही याच कारणाने. शिवड्याकडे ही सोय नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेण्यावरच त्याची सारी भिस्त असते.

उन्हाळ्यात नदीची धार आटते, बंधाऱ्यामागे पाणी तुंबते आणि त्यात सांडपाणी मिसळले की ती घाण कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग माशांचा खच तरंगू लागतो. त्याच वेळी काठाशी एखादी मरळ वर येऊन गेली की ‘मरळ जिवंत आहे, म्हणजे पाणी एवढे वाईट नसणार’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तो ऐकून माझे डोके फिरते. मरळ त्या पाण्यावर श्वासासाठी अवलंबूनच नाही, तर तिची साक्ष कशी ग्राह्य धरायची? साक्ष घ्यायचीच असेल तर डोहातल्या शिवड्याची घ्यावी, कारण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेलेला हा मासा अशा पाण्यात मरळीच्या कितीतरी आधी मान टाकतो.

पिलांबाबतही असेच उलटे आहे. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते, शिवडा अंडी सोडून निघून जातो. पावसाळ्याच्या तोंडाला काठाशी तांबूस पिलांचा असा थवा दिसला की त्याखालच्या मरळीसाठी गळ टाकणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही.