जुनी पेट्रोल टाकी काढताय? खालच्या मातीची फाईल कुठे अडकते ते आधी वाचा

गोव्यात बंद पडलेला पंप, गॅरेज नाहीतर कारखान्याची डिझेलची टाकी जमिनीत आहे आणि आता जागा विकायची किंवा बांधायची आहे, अशांसाठी हे लिहितेय, कारण सगळ्यांच्या चुका त्याच त्याच होतायत.

आधी जेसीबी बोलावू नका. तेल मुरलेली माती बाहेर काढली की 2016 च्या नियमांत ती घातक कचरा ठरते आणि जागेवर ठेवायला 90 दिवस मिळतात. हे दिवस परवानगी आल्यापासून असं बहुतेकजण धरतात, पण ते ढीग पडला तेव्हापासून मोजतात! एकाने मे महिन्यात माती काढली, अर्ज नंतर टाकला, ताडपत्री फाटली आणि पहिल्याच पावसात ढीग शेजाऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेला. म्हणून साळगावला प्रदूषण मंडळाकडे फॉर्म 1 चा, म्हणजे घातक कचऱ्याच्या परवानगीचा, अर्ज आधी, खणणं नंतर.

एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), साईट प्लॅन सगळ्यांकडे असतो. नसतो तो टाकीचा जुना एक्स्प्लोझिव्हचा परवाना, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोल साठ्याचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, आताच्या पेसोचा. वडील गेले, भाऊ वेगळे झाले, कागद कुठे गेला कोणालाच माहीत नाही, आणि काउंटरवर मात्र तोच मागतात, नसेल तर काय करायचं ते कोणी सांगत नाही. जुन्या बिलावर, पत्रावर परवाना नंबर सापडतो का बघा, तो लिहून पेसोकडे प्रत मागा. तेल कंपनीबरोबरचं लीज डीडही जपून ठेवा, जुलै 2025 च्या दूषित जागांच्या नियमांत खर्च प्रदूषण करणाऱ्यावर येतो, तेव्हा टाकी कोण वापरत होतं हे त्यातूनच दाखवता येईल.

टाकी कापण्याआधी आत पेटणारी वाफ उरली नाही याचं गॅस-फ्री सर्टिफिकेट घ्या, रिकामी टाकीच जास्त धोक्याची, आत वाफ साठलेली असते.

आता लॅबला द्यायचे मातीचे नमुने. वरची लाल माती डब्यात भरून दिली तर रिपोर्टला अर्थ नाही. टाकीच्या तळाखालची हवी, जिथे लाल माती करडी पडलेली दिसते आणि मुठीत घेतली की वास येतो. काचेची बाटली गच्च भरायची आणि लगेच बर्फात, नाहीतर पेट्रोलमधलं बेंझिन उडून जातं. टाकी 2000 च्या आधीची असेल तर शिसंही तपासायला सांगा, तेव्हाच्या पेट्रोलमध्ये असायचं.

माती पिसुर्लेला घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाताना फॉर्म 10 च्या, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्राच्या, सात प्रती लागतात. घेणाऱ्याची सही झालेली प्रत परत मिळाल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

खड्डा बुजवायच्या आधी तळाचे आणि चारी बाजूंचे नमुने परत घ्या, बुजवलेला पुन्हा उकरायला लागला तर दुप्पट खर्च. शेजारच्या विहिरींचं पाणीही तपासा, आपला चिऱ्याचा दगड भोकाभोकांचा, तेल कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. 2023 ला दाबोळीकडे विहिरीत इंधन उतरलं आणि विहीर पेटली, ते लोकांनी डोळ्यांनी बघितलंय.